जुन्या स्लाइड आणि आजीचे गोंदण

आपल्या बेटावर अनेक घरांत कपाटाच्या तळाशी जुन्या रंगीत स्लाइडचे डबे पडून आहेत. दमट हवेने त्यांवर बुरशी धरते, आणि त्यांतली माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळीही दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा या स्लाइड स्कॅन करून घेणे लांबणीवर टाकू नये. मात्र ते काम कसे करून घ्यावे, याविषयी आम्हांला चार शब्द सांगायचे आहेत.

आमच्याच घरची गोष्ट. १९७४ सालच्या गणेश चतुर्थीची एक स्लाइड आम्ही एका दुकानात दिली. परत आलेले चित्र अगदी स्वच्छ होते. पण आजीचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत झाला होता. कपाळावरचे गोंदण पार पुसले गेले होते, आणि साडीच्या काठाला कधी नव्हती ती पांढरी रेघ आली होती.

असे का व्हावे? रंगीत स्लाइड धुताना तिच्यातली चांदी निघून जाते व रंगाचे बारीक ठिपके मागे राहतात. चित्र मोठे केले की तेच कणांसारखे दिसतात. हे कण पुसणाऱ्या यंत्राला कण कोणता आणि गोंदणाचा ठिपका कोणता, हे नेमके कळत नाही. मग पुसट झालेले चित्र रेखीव करण्यासाठी कडा जास्त ठळक केल्या, की त्यांच्याभोवती पांढऱ्या रेघा उमटतात.

आमचे मत असे, की कण हा दोष नव्हे. त्या कणांनीच चित्र बनले आहे. म्हणून स्कॅन करणाऱ्यास स्पष्ट सांगावे, की पहिली प्रत कण न पुसता, कडा ठळक न करता द्या. एका इंचाला ४००० बिंदू या मापाने स्कॅन केले, तर ३५ मिलिमीटरच्या एका स्लाइडचे दोन कोटींहून अधिक बिंदू होतात; घरगुती छपाईस ते भरपूर आहेत. स्लाइड कोडाक्रोमची असेल, तर धूळ काढणारी इन्फ्रारेडची सोय बंद ठेवावी. ती सोय त्या फिल्मवर बहुधा फसते. धूळ आधी हवेच्या फुग्यानेच झटकावी.

पुढची दुरुस्ती नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावी. कण थोडेच कमी करावे, तेही आकाशात आणि सावलीत. चेहऱ्यावर हात राखून. कडा ठळक करणे सर्वांत शेवटी, छपाईचा आकार ठरल्यावर. आणि परीक्षा हातभर अंतरावरून करावी, पडद्यावर नाक टेकवून नव्हे.

आमच्या सुदैवाने मूळ स्लाइड शाबूत होती. ती पुन्हा स्कॅन करून घेतली, आणि आजीचे गोंदण परत आले. तुमच्याही डब्यातल्या स्लाइड, स्कॅन झाल्यावरसुद्धा, फेकू नका. आणि घरातल्या थोरांना शेजारी बसवून प्रत्येकीवरची नावे आजच लिहून घ्या. ते काम कोणतेही यंत्र करणार नाही.