श्राद्ध सोडलं, जित्या मायचं काय?



14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा त्यात आहे. मेल्यावर कावळ्याला भात आणि भटाला दक्षिणा, हे थोतांड आपण फेकून दिलं. चांगलं केलं. पण फेकताना हिशोब असा होता की माणसाचं जे करायचं ते तो जिवंत असताना करू. मग जिवंतपणी करतं कोण? हे सांगायला आपल्यातले किती जण स्टेजवर येतील?

दुसऱ्याची उणीदुणी काढायच्या आधी माझंच सांगतो.

तीन वर्षांमागं माझ्या मायच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय गेला, वाचा अर्धी गेली. ही माय कोण? 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, तेव्हा माझ्या थोरल्या भावाला अंगावर घेऊन तुरुंगात गेलेली बाई. 1978 च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं पेटवली गेली, तेव्हा भांडीकुंडी टाकून आम्हा पोरांना घेऊन रानोमाळ पळालेली बाई.

तिला वारं गेल्यापासून मी किती सभा घेतल्या, ते तोंडपाठ आहे. तिचं अंथरूण किती वेळा बदललं ते विचाराल तर मान खाली जाते. सगळं बायकोनं केलं. पहाटे उठून सासूचं हागणं-मुतणं काढायचं, जुन्या लुगड्याचे तुकडे धुवून वाळत घालायचे, पेज भरवायची आणि आठच्या आत कामाला पळायचं. काम कसलं? शहरातल्या एका सोसायटीत एका म्हातारीला सांभाळायचं. बारा तास. पैसे घेऊन परक्या म्हातारीचं करायचं, बिनपैशाचं माझ्या मायचं करायचं. आणि मी? मी समतेवर बोलायचो.

एका दुपारी सभेची पत्रकं न्यायला घरी आलो. माय ओल्यात पडली होती. शेजारची पोरगी शाळेतून येईपर्यंत तशीच पडून राहणार होती. मी पत्रकं उचलली, दारापर्यंत गेलो. माय अर्ध्या वाचेनं म्हणाली, "जा बाबा. तुला उशीर व्हईल. ह्ये तुजं काम न्हाई."

पाय तिथंच थांबले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मायचं लुगडं बदललं. सभेला गेलो नाही. सभा माझ्यावाचून झाली.

'हे तुझं काम नाही.' दोस्तहो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. मेलेलं ढोर ओढणं हे महाराचंच काम, मैला उपसणं हे अमक्याच जातीचं काम, आणि वरच्यांचं ते काम नाही. 1936 साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटत नाही. काम करणारी माणसंच जन्मावरून तोडते आणि वरखाली रचते. आणि आपण घरात काय करतो? घाण बायकोच्या, बहिणीच्या, सुनेच्या वाट्याला. भाषण आपल्या वाट्याला. जन्मावरूनच ना? गावानं लादलेली घाण आपण नाकारली आणि घरातली घाण बाईवर लादली. वर तिला 'माता रमाईच्या लेकी' म्हणून टाळ्या घेतो. लाज वाटली पाहिजे.

विनयपिटकात एक गोष्ट आहे. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू फिरकत नव्हते. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग भिक्खूंना जमवून बजावलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. तिथं कुणा सुनेला हाक मारली नव्हती. तथागत स्वतः वाकले. आपण रोज वंदना घेतो आणि वाकायची वेळ आली की बायकोला हाक मारतो.

कुणी म्हणेल, सगळं आपल्याच डोक्यावर का? सरकार कुठंय? बरोबर आहे. सरकारला सोडायचं नाही. 2007 साली आईबापांच्या निर्वाहाचा कायदा झाला. सांभाळा, नाहीतर पोटगी द्या. पण नाक्यावर उभं राहून रोज मिळेल ते काम करणारा पोरगा कोणती पोटगी देणार? त्या कायद्यातल्या 'अपत्यां'च्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. जी करते तिचं नावच नाही!

पेन्शनचंही बघा. दारिद्र्यरेषेखालच्या, 80 च्या आतल्या म्हाताऱ्यांसाठी केंद्राचा वाटा 2007 साली महिना 200 रुपये होता. 2024 सालीही 200 च. राज्याच्या योजनेचं नाव 'श्रावणबाळ'. 2019 ला तिचे 600 चे 1000 केले, 2023 ला 1500. आणि नाव तरी काय शोधलं! श्रावणबाळ मेला कुणाच्या बाणानं? राजाच्याच. पोरगा मारायचा राजानं आणि पुण्य सांगायचं आईबापाच्या सेवेचं. आमची माय जन्मभर खडी फोडत आली. बोटांवरच्या रेषाच झिजल्या. आता मशीन म्हणतं, अंगठा जुळत नाही. आयुष्यभर राबल्याचा पुरावा बोटावर आहे, तोच मशीनला चालत नाही.

आपल्याला श्रावणाची कावड नको. म्हातारपणी पोटभर अन्न, दवाखाना आणि घरी येऊन बघणारं माणूस हा हक्क आहे. तो भांडून घ्यायचा. पण भांडायला निघण्याआधी घरातलं अंथरूण बदलून निघायचं. एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

नामांतरासाठी विशीत लाठ्या खाल्लेली माणसं आज साठी ओलांडून गेलीत. खाटेवर पडलेली ती म्हातारी-कोतारी म्हणजे आपली चळवळच आहे. म्हणून प्रत्येक शाखेनं वस्तीतल्या म्हाताऱ्यांची यादी करावी. कुणाला पेन्शन नाही, कुणाचा अंगठा उठत नाही, कोण दिवसभर एकटं पडून असतं, ते लिहावं. तहसीलीत त्यांच्यासंगं जावं. आणि प्रत्येक पुरुष कार्यकर्त्यानं आपल्या घरात एक पाळी घ्यावी. 'मदत' म्हणून नाही, आपलं काम म्हणून.

मी आता सकाळची पाळी घेतो. तेवढ्या वेळात बायको बसून चहा पिते. तीन वर्षांत पहिल्यांदा. यात माझं कौतुक काही नाही, उशीरच झालाय.

पुढच्या बैठकीत झेंडा कुणी धरायचा, अध्यक्ष कोण, हे नंतर ठरवू. आज सकाळी तुमच्या मायचं, तुमच्या बापाचं अंथरूण कुणी बदललं, ते आधी एकेकानं उभं राहून सांगा.

जयभीम.