विश्लेषण : चेंडू घेऊन पळणे शिकवता येते का? सातारा-सांगलीच्या शालेय फुटबॉलला त्याची गरज का?

सातारा आणि सांगली हे पळणाऱ्यांचे जिल्हे. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावे स्थान मिळवले. खो-खो आणि कबड्डी तर गावोगावी खेळली जाते. पण फुटबॉलच्या मैदानावर चेंडू पायाशी आला की हीच वेगवान मुले थबकतात, नाहीतर घाईने लांब किक मारून मोकळी होतात. दोष त्यांच्या पायांचा नाही. चेंडू घेऊन पळणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि बहुतेक शाळांत ते शिकवलेच जात नाही.

ड्रिब्लिंग आणि चेंडू घेऊन पळणे, फरक काय?

ड्रिब्लिंग म्हणजे समोर बचावपटू असताना चेंडू पायाजवळ ठेवून, छोटे छोटे स्पर्श करत त्याला चकवणे. चेंडू घेऊन पळणे म्हणजे समोर मोकळी जागा असताना कमीत कमी स्पर्शांत ती पार करणे. एप्रिल २०१४मध्ये कोपा डेल रे स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदच्या गॅरेथ बेलने बार्सिलोनाविरुद्ध केलेला गोल आठवून पाहा. मध्यरेषेजवळ त्याने चेंडू बचावपटू बार्त्राच्या पलीकडे लांब ढकलला, स्वतः मैदानाच्या रेषेबाहेरून वळसा घेतला आणि चेंडू पुन्हा गाठून थेट गोलपर्यंत गेला. त्यात पायांची जादू फारशी नव्हती. पुढे जागा आहे हे ओळखणे, चेंडू किती लांब ढकलायचा याचा अंदाज आणि वेग, एवढ्या तीनच गोष्टी होत्या.

नेमके तंत्र काय?

पहिला स्पर्श सर्वांत महत्त्वाचा. चेंडू पायाखाली अडकवून न ठेवता दोन-तीन पावले पुढे, मोकळ्या जागेत ढकलावा लागतो. पायाच्या आतल्या बाजूने ढकलायला गेले की पाय बाहेर वळतो आणि पळण्याची लय मोडते. म्हणून बुटाच्या लेसचा भाग किंवा करंगळीकडची बाजू वापरायची, बोटे किंचित खाली झुकवायची. दोन स्पर्शांच्या मधे मान वर करून समोर पाहायचे. मागून कोणी पाठलाग करत असेल तर त्याच्या वाटेत तिरके शिरून त्याला आपल्या पाठीमागे ठेवायचे. शेवटच्या टप्प्यात स्पर्श छोटे करायचे, कारण तिथे पास द्यायचा की गोलवर मारायचे हे ठरवावे लागते.

मग मुले थबकतात का?

पहिले कारण मैदानाबाहेर उभे असते. मुलाने चेंडू घेऊन दोन पावले टाकली की ‘पास दे, पास दे’ असा ओरडा सुरू होतो. चेंडू गेला तर बोलणी बसतात. दुसरे कारण स्पर्धेचे स्वरूप. शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. एक चूक आणि वर्षभराची तयारी संपली, अशा वेळी शिक्षकही लांब किकचाच सुरक्षित मार्ग धरतात. शालेय स्पर्धांत सातारा आणि सांगली कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे जिल्हा जिंकला तरी पुढे गाठ पडते ती तालीम मंडळांचे सामने पाहत मोठ्या झालेल्या कोल्हापूरच्या मुलांशी. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. घाबरून चेंडू लांब मारत राहणाऱ्या संघाचा अशा मुलांसमोर निभाव लागणे कठीण.

सराव कसा घ्यावा?

खर्च फारसा नाही. फक्कीने ३० मीटर लांब आणि आठ-दहा मीटर रुंद पट्टा आखावा. दोन्ही टोकांना दोन-दोन मुले उभी करावीत. एकाने चेंडू घेऊन पळायचे, समोरच्याला पास द्यायचा, मग त्याने परत यायचे. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर आधी चेंडूशिवाय आणि मग चेंडूसह वेळ मोजावी. दोन वेळांतील अंतर कमी होत गेले, तर प्रगती होते आहे. आठवडाभराने तीन मीटर मागून पाठलाग करणारा खेळाडू सोडावा. त्यानंतर चार विरुद्ध चार असा सामना खेळवावा. त्यात गोलपोस्ट नको. चेंडू ताब्यात ठेवून, पळत समोरची रेषा ओलांडली तरच गुण. खो-खोत पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावरून त्याची चाल ओळखणारी मुलगी इथे इतरांच्या पुढेच असेल.

मैदान चांगले नसेल तर?

माण, खटाव, आटपाडी, जतच्या कडक मुरुमावर चेंडू उसळतो आणि हातचा निसटतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पावसाळ्यात तो चिखलात रुतून बसतो, आणि शालेय स्पर्धांचे दिवसही बरेचसे तेच. म्हणून कोरड्या जमिनीवर स्पर्श हलका, चिखलात जोरकस, हे दोन्ही मुलांनी करून पाहिलेले असावे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू देऊ नये, चार नंबरचा द्यावा.

पण फुटबॉल सांघिक खेळ आहे ना?

आहेच. पुढे जागा नसताना पळत सुटणारा खेळाडू संघाचे नुकसान करतो. पण समोर २० मीटर मोकळे असताना मागे पास देणाराही तेच करतो. चेंडू घेऊन कोणी धावून आले की बचावपटूला त्याच्याकडे जावेच लागते आणि सहकारी मोकळा होतो. म्हणजे चांगला पासही अनेकदा अशा धावेतूनच जन्मतो. ‘पास दे’ किंवा ‘पळ’ असा हुकूम सोडण्याऐवजी ‘पुढे काय दिसले?’ असे सामन्यानंतर विचारणे जास्त उपयोगाचे.

पुढे काय करता येईल?

१५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’च्या निमित्ताने राज्यभर मुले फुटबॉल खेळली, शाळांना चेंडूही मिळाले. पण एका दिवसाच्या उत्सवातून खेळाडू घडत नाहीत. शेजारच्या चार-पाच शाळांनी महिन्यातून एक शनिवार ठरवावा. संघ पाच-पाच किंवा सात-सात जणांचे, प्रत्येकाला प्रत्येकाशी सामना, चषक नाही, बाद होणे नाही. मुलींचे सामने त्याच दिवशी, त्याच मैदानावर. चेंडू गमावला तरी घरी जावे लागत नाही, हे कळले की मुले धाडस करू लागतील. पळायला त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. चेंडू घेऊन पळायला मात्र शिकवावे लागेल, आणि शिकत असताना चुकूही द्यावे लागेल.