रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय काय?

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका.’ दोन वर्षांत चार डॉक्टरांनी मला हे सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आले की माणसाला हायसं वाटायला हवं. मला मात्र दरवेळी रडू यायचं. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत अंग ठणकतंय, रात्रभर पडून राहिले तरी सकाळी उठताना गळून गेल्यासारखं होतंय, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही आणि कागदावर काहीच नाही! मग घरच्यांच्या नजरेत एकच अर्थ उरतो, हिला काम नको.

पाचव्या डॉक्टर संधिवाताच्या तज्ज्ञ होत्या. त्यांनी अर्धा तास मला बोलू दिलं आणि नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. यात सांधे सुजत नाहीत, हाडं झिजत नाहीत. वेदनेचे निरोप मज्जासंस्था नेहमीपेक्षा मोठे करून ऐकते. म्हणून तो रक्तात किंवा एक्स-रेमध्ये सापडत नाही. तपासण्या करायच्या त्या थायरॉइड, ॲनिमिया किंवा संधिवात यांसारखं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. त्या जरूर कराव्यात.

1990 साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराचे निकष ठरवले. तेव्हा अंगावरच्या 18 जागा दाबून पाहत आणि त्यातल्या किमान 11 दुखायला हव्यात अशी अट होती. 2010 च्या निकषांत दाबण्याऐवजी विचारण्यावर भर आला. किती ठिकाणी दुखतं, थकवा किती, झोपून ताजंतवानं वाटतं का, लक्षात राहतं का, तीन महिने तरी हे चालू आहे का? म्हणजे रुग्णाचं सांगणं हाच मोठा पुरावा. आपल्या घरांत नेमका हाच पुरावा धरला जात नाही.

मी 47 वर्षांची आहे. पाळी कधी तीन महिन्यांनी येते, कधी पंधरा दिवसांत. पाळी जायच्या वयामुळेच हा आजार होतो असं नाही. पण या काळात इस्ट्रोजेनचा चढउतार चालतो, रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने झोप मोडते. झोप मोडली की दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की जीव घाबरतो आणि मग पुन्हा झोप येत नाही. हे चक्र ज्या बाईने भोगलंय तिला ते समजावून सांगायला नको.

आता त्या दुसऱ्या वाक्याबद्दल. ‘टेन्शन घेऊ नका.’ टेन्शन काय मी बाजारातून पिशवी भरून आणते? सासूबाईंची औषधं, मुलाची फी, नोकरीवरून आल्यावरचा स्वयंपाक, हे कमी न करता ताण कमी कसा होणार? रमजानमध्ये सहेरीसाठी सगळ्यांत आधी उठते ती बाई आणि इफ्तारनंतरची भांडी संपवून सगळ्यांत शेवटी पाठ टेकते तीही बाईच. मग ईदच्या दिवशी तिला उभं राहवत नाही, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं. गेल्या रमजानमध्ये मी घरात सरळ सांगितलं की सहेरीच्या पाळ्या लावा. पहिले दोन दिवस मुलाने पराठे जाळले, पण तिसऱ्या दिवशी जमले. त्या महिन्यात मला जो आराम पडला, तो कुठल्याच गोळीने पडला नव्हता.

औषधांना मी नावं ठेवत नाही. काहींना त्यांनी फरक पडतो. पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली ज्या शिफारशी दिल्या, त्यांत ठामपणे सांगितलेला उपाय एकच आहे, तो म्हणजे व्यायाम. मी रोज दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली, आज पस्तीस मिनिटं चालते. बरं वाटलं त्या दिवशी सगळी साफसफाई उरकायची आणि मग चार दिवस अंथरुणाला खिळायचं, ही जुनी सवय मात्र सोडावी लागली. आणि त्या पस्तीस मिनिटांत घर दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला लागतं. म्हणजे बाईच्या ताणावरचा इलाज एकट्या बाईच्या हातात नाही.

हे लिहिताना अम्मीची आठवण येते. पन्नाशीच्या आसपास ती सतत म्हणायची, ‘अंग मोडून आलंय गं.’ तिचे रिपोर्ट मीच आणून तिला वाचून दाखवले होते, ‘बघ, काही नाही तुला.’ तिला हाच आजार होता की नाही, ते आता कळणार नाही. पण माझ्या त्या बोलण्यानंतर तिने दुखणं सांगायचं बंद केलं, हे मला पक्कं आठवतं.

म्हणून सांगते, घरातली बाई अंग दुखतंय म्हणाली तर रिपोर्टचं नंतर विचारा. आधी विचारा, रात्री झोप लागली का? आणि ती जे सांगेल ते खरं माना.