राहुटीतला माणूस कोणाचा?

तमाशाविषयी आपल्या विद्यापीठांत जे लिहिले जाते ते बहुधा गण, गवळण, बतावणी आणि वग यांविषयी असते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि पवळा यांच्यावर पानेच्या पाने भरतात आणि ते योग्यही आहे. परंतु कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उभा असणारा जो तिसरा माणूस, फडाच्या भाषेत ‘मॅनेजर’, त्याची दखल आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही. ही उणीव केवळ तपशिलाची आहे, असे आम्हांस वाटत नाही.

जुन्नर तालुक्यातील नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी ठरवण्यासाठी येतात. बोलणी करतो तो मॅनेजर. नाचणाऱ्या किती, गाणी कोणती, वग कोणता, रात्रीच्या खेळाबरोबर दुसऱ्या दिवशीची हजेरी धरायची की नाही, यावर बिदागी ठरते. मग कोणत्या गावाहून कोणत्या गावाला ट्रक वेळेत पोहोचतील, पोलिसांचा परवाना कोण आणील, पाऊस आला तर पैशाचे काय, हे सारे त्याच्याच डोक्यात असते. तो नसेल तर फड हलत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. कारभाऱ्यांनी चित्रपटगीतांवरचा नाच अधिक मागितला की रंगबाजी लांबते आणि वग आखडतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर निर्बंध आणले. त्यानंतर रात्रभर रंगणाऱ्या वगासाठी वेळ काढणे आणखीच अवघड झाले. म्हणजे ज्या संहितेची आम्ही वर्गात चिकित्सा करतो, तिची लांबीरुंदी अनेकदा राहुटीतल्या व्यवहारातच ठरलेली असते. वगाच्या ऱ्हासाचे खापर लोकाभिरुचीवर फोडणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा पाहावा.

तथापि याहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. हा मॅनेजर बोलतो कोणाच्या वतीने? तो फडाचा माणूस असतो. फडाची सुपारी वाढली की त्याचे कसब सिद्ध होते. नाचणारीच्या, गाणारीच्या किंवा सोंगाड्याच्या बाजूने बोलणारे मात्र कोणी नसते. हंगामापूर्वी मालकाकडून कलावंताने ‘उचल’ घ्यायची आणि कामातून ती फेडायची, ही येथली रीत. उचल ही अडीनडीची मदत असते, तशीच ती पायातली बेडीही असते. मालकाला खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. अनेकदा तोही सावकाराच्या दारात उभा असतो. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे यात्रा बंद राहिल्या तेव्हा सुपाऱ्या बुडाल्या, पण कर्जे काही बुडाली नाहीत.

हिंदी चित्रपटसृष्टीत नटनटींचे ‘सेक्रेटरी’ असत. आता त्यांची जागा मोठ्या व्यवस्थापन संस्थांनी घेतली आहे. त्यांच्या लोभाच्या कथा आपण ऐकल्या आहेत. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट निश्चित आहे : मध्यस्थाचा हिस्सा कलावंताच्याच मिळकतीतून निघतो, म्हणून कलावंताचा मोबदला वाढवण्यात त्याचाही स्वार्थ असतो. तमाशात हा दुवाच नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांच्या नावे आज राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पण २००२ साली निधन होण्यापूर्वीची त्यांची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. टाळ्या, पदके आणि सन्मान यांनी म्हातारपणाची तरतूद होत नाही. ती करण्यासाठी उमेदीच्या काळातच हिशेब पाहणारे कोणी तरी लागते.

यावर कोणी म्हणेल, फड म्हणजे एक कुटुंब. तेथे कागदपत्र कशाला? कुटुंबाची ऊब आम्ही नाकारीत नाही. परंतु जेथे शब्दावर सारे चालते, तेथे ज्याचा आवाज मोठा त्याचाच शब्द खरा ठरतो. उचल किती, फिटली किती, आजारपणात काय मिळणार, एवढे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत कलावंताच्या हाती असली, तर फडाचे काही बिघडणार नाही.

आणि आमच्या पेशाचे काय? लोकसाहित्याचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही वगांच्या संहिता जमवायला पाठवतो. त्याने मॅनेजरांच्या वह्याही पाहाव्यात, सुपाऱ्यांच्या आणि उचलीच्या नोंदी उतरून घ्याव्यात. लावणीतल्या शृंगाराचे रसग्रहण आपण पुष्कळ केले. ती लावणी सादर करणारीच्या हाती त्या रात्री काय पडले, हे विचारल्यावाचून तो अभ्यास पुरा झाला असे मानू नये.