गारांचा दिवस

आमच्याकडे बर्फ पडत नाही, गारा पडतात. तसं साधंच वाक्य. पण परवा थोरलीने चित्रकलेच्या वहीत गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस काढला, त्याच्यामागे शिवनेरी काढला, आणि मला विचारलं, "आई, आपल्याकडे का नाही गं पडत?" तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय.

तिला मी खरं कारण सांगितलं. सह्याद्रीतलं सगळ्यात उंच कळसूबाई, तेही 1646 मीटर. आपल्या हरिश्चंद्रगडाची उंची त्याहून कमी. विषुववृत्तापासून आपण जेवढे जवळ आहोत तिथे एवढ्या उंचीवर बर्फ पडण्याइतकी थंडी होत नाही. फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पण ती नाराज झाली नाही. म्हणाली, "गारा तर पडतात ना!" आणि मला वाटलं, खरंच की. आपल्या मुलांचा बर्फाचा दिवस म्हणजे गारांचा दिवस. तो वर्षातून एकदा येईल, नाहीतर तीन वर्षं येणारही नाही. आदल्या दिवशी सांगून तर कधीच येत नाही. आला तर अर्धा तास टिकतो.

आणि येतो कधी? तर ऐन उन्हाळ्यात! मुलांना याचंच नवल जास्त वाटतं. दुपारभर अंग भाजून निघतं, चारच्या सुमारास पश्चिमेला काळा ढग उभा राहतो, गार वारा सुटतो, आणि पत्र्यावर ताशा सुरू होतो. कडक उन्हात बर्फ कुठून आला? तर तो खूप वर, कित्येक किलोमीटर उंचीवर तयार होतो. तिथे हवा शून्याच्या खाली असते. तापलेल्या जमिनीवरून जोरात वर जाणारी हवा त्या गारेला वर तोलून धरते. गार थंड पाण्याचे थेंब अंगावर घेत जाते, थरावर थर चढतात, आणि वजन पेलेनासं झालं की ती खाली पडते. इतक्या वेगाने, की वाटेत वितळायला वेळच मिळत नाही.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा हातात बघावं. मोठी गार सुरीने मधोमध कापली की आत कांद्यासारखी वर्तुळं दिसतात, एक पांढरं, एक काचेसारखं. माझ्या मुलांनी ती मोजलीत. परातीत गारा भरून त्यांचं किती पाणी होतं तेही बघितलंय. धाकट्याने मात्र शास्त्र बाजूला ठेवून फक्त खाल्ल्या. गारेगारवाल्याकडे दहा रुपये मोजावे लागतात, इथे आभाळ फुकट वाटतंय म्हटल्यावर कोण सोडेल?

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय जुन्नर-आंबेगावात गारांवर लिहिताच येत नाही.

गारा पडायचे दिवस आणि आमच्या पिकांचे दिवस एकच. फेब्रुवारी-मार्चात द्राक्षाचे घड उतरायला आलेले असतात. नारायणगावच्या बाजूची काळी द्राक्षं लांबलांब जातात, पण मण्याला एक तडा गेला की तो घड व्यापारी हातात धरत नाही. एका मण्याचा रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो आणि अख्खा घड सडतो. एप्रिलच्या छाटणीनंतर गारा आल्या तर कोवळ्या फुटी मोडतात, म्हणजे पुढच्या वर्षाचंही नुकसान. कांद्याची पात मोडते, गहू लोळतो, टोमॅटोची नवी रोपं मुळासकट झोपतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात राज्यभर गारपीट झाली, ती इथलं कुणी विसरलेलं नाही. त्याच वर्षी 30 जुलैला आंबेगावातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. आभाळाकडे बघताना इकडच्या मोठ्या माणसांच्या मनात काय काय असतं ते बाहेरच्याला कळणार नाही.

म्हणूनच गारा पडल्या की दोन बोलणी ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिलं बोलणं घरातलं. मुलं अंगणात नाचायला लागली की कुणीतरी ओरडतं, "इथं आमचं वाटोळं झालंय आणि तुम्ही नाचताय! घरात व्हा!" हा राग मला समजतो. एकराला लाखांत खर्च करून हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर माणूस आणखी काय करणार? पण तो राग चुकीच्या माणसावर निघतो. गारा मुलांनी पाडलेल्या नसतात. आणि एकदा का मुलाच्या मनात बसलं की माझ्या आनंदाने घरात काहीतरी वाईट झालं, की ते मूल पुढे आनंद लपवायला शिकतं. ते मला नुकसानीइतकंच वाईट वाटतं.

दुसरं बोलणं बाहेरचं. गाडी थांबवून पांढऱ्या शेताचा फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, 'जुन्नरचं झालं काश्मीर!' बातम्यांतही हेच मथळे. 2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, लोकांनी जरूर यावं, नाणेघाट बघावा, धबधबे बघावेत. पण ते पांढरं शेत कुणाचं तरी आहे हो! काश्मीरच्या बर्फाने सफरचंदाच्या झाडांना पुरेशी थंडी मिळते, झरे भरतात. गारांनी आमचं काहीच भरत नाही. चार वर्षांच्या मुलाला हे माहीत नसलं तर ते निरागस, चाळिशीच्या माणसाला माहीत नसलं तर त्याला दुसरा शब्द आहे.

मग करायचं काय? मला माझ्या सासऱ्यांनी न बोलता शिकवलंय. एका एप्रिलात अशाच बोराएवढ्या गारा पडल्या. धाकटा वाटीभर गारा घेऊन त्यांच्याकडे धावत गेला. ते ओट्यावर बसून बागेकडे बघत होते. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी वाटीतली एक गार उचलली, तोंडात टाकली, म्हणाले, "लई गार हाय रे!" मग चप्पल घातली आणि बागेत गेले. संध्याकाळी थोरलीला सोबत नेलं, फुटी कशा मोडल्यात ते दाखवलं. ती त्या दिवशी हसलीही आणि रात्री जेवताना गप्पही होती. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आपणही लग्नघरात हसतो आणि पाठवणीला रडतोच की, एकाच दिवसात.

म्हणून माझं मत असं. विजा थांबेपर्यंत मुलांना घरात ठेवा, शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास जाऊ द्या, कारण गारांचा ढग हा विजेचाही ढग असतो. कोपऱ्यात साचलेल्या गारा तेवढ्यात कुठे जात नाहीत. मग त्यांना सोडा. वेचू द्या, कापू द्या, एकमेकांच्या पाठीत घालू द्या. आणि त्यानंतर, त्याच दिवशी, त्यांना शेतात न्या. आपलं शेत नसेल तर शेजाऱ्याचं. पंचनामा म्हणजे काय, विमा असला तर 72 तासांच्या आत का कळवायचं, 33 टक्क्यांहून कमी नुकसान झालं तर सरकारी मदत का मिळत नाही, हे दहा वर्षांच्या पोराला समजतं. मोठ्यांना वाटतं त्याहून खूप जास्त समजतं.

माझी चुलतबहीण न्यू जर्सीत असते. बर्फ पडला की तिच्या मुलांना सुट्टी, आणि ती आणि दाजी पहाटे उठून फावड्याने दार मोकळं करतात. म्हणजे तिथेही मुलांची मजा आणि मोठ्यांची कंबरदुखी एकाच ढगातून पडते! शेजारच्या न्यूयॉर्क शहरात 2020 मध्ये ठरलं, की आता बर्फाच्या दिवशी सुट्टी नको, घरून ऑनलाइन शाळा भरवा. ऐकून मला वाईट वाटलं. अवचित मिळालेला दिवस हिशेबात धरला की तो दिवस राहतच नाही, नुसती तारीख उरते.

आमच्या मुलांना पुढे आभाळाची धास्ती घ्यायचीच आहे. शेतात राहिली तर जन्मभर, शहरात गेली तरी गावाला फोन करताना. 2023 च्या नोव्हेंबरअखेर निफाड-पारनेरकडे गारा पडल्या, म्हणजे आता ऋतूचाही भरवसा राहिला नाही. ती धास्ती आपोआप येईल, त्यासाठी शिकवणी लागत नाही. ती येण्याआधी त्याच आभाळातून पडलेलं काहीतरी तळहातावर धरून वितळताना बघितलेलं असावं, एवढीच माझी इच्छा. ज्याने आधी प्रेम केलंय तोच पुढे नीट काळजी घेतो, असं मला तरी वाटतं.