टाळ्या संपल्यावरचा सैनिक

नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रहार’ १९९१ साली प्रदर्शित झाला. प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले ते कमांडोंचे खडतर प्रशिक्षण आणि गुंडांचे पारिपत्य. पण मेजर चव्हाणांचे शेवटी काय होते? न्यायालय त्यांची रवानगी मनोरुग्णालयात करते. रणभूमीवर ज्या वृत्तीसाठी गौरव व्हायचा, तीच वृत्ती गल्लीत उतरली की वेड ठरते. हा शेवट अस्वस्थ करणारा होता. समाज मात्र टाळ्या वाजवून घरी गेला!

याउलट मुरलीकांत पेटकर यांची कथा सर्वांना भावली. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचा हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक घेऊन आला. २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ने ती गाथा पडद्यावर आणली. गौरव यथार्थच आहे. परंतु शरीराची जखम दिसते, तिच्यावर मात करता येते, पदकही मिळते. मनाच्या जखमेला पदक नसते.

ही जखम महाराष्ट्राच्या मातीला अनोळखी नाही. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने खितपत पडलेल्या गोऱ्या सोजिरांची मने ढळत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्दच रूढ झाला. गावाचे नाव वेडेपणाला चिकटले, ही थट्टा साहेबाचीच! वैद्यकाने या आघाताला रीतसर नाव दिले ते १९८० साली, अमेरिकेत.

आज असा माणूस शोधायला सीमेवर जाण्याची गरज नाही. जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि वाशी-बेलापूरच्या एखाद्या संकुलाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. रात्रभर त्याचा डोळा लागत नाही. रहिवासी त्याला शिस्त म्हणतात. दिवाळीत फटाका वाजला की तो दचकतो, मुले हसतात. घरी तो बोलत नाही. त्याची पत्नी हे सारे जाणते, पण सांगणार कोणाला? माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. हृदयविकारासाठी तो तेथे निःसंकोच जातो. झोप लागत नाही, एवढे सांगण्यासाठी मात्र त्याचे पाऊल उचलत नाही; कारण मेजर चव्हाणांना कुठे पाठवले, हे त्यानेही पाहिलेले असते.