रेंज नाही, म्हणजे गैरहजर?

रात्रीचे साडेदहा. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘असाइनमेंट आज ११.५९ पर्यंत अपलोड करा. नंतर लिंक बंद होईल.’ शहरातला मुलगा वैतागतो आणि लॅपटॉप उघडतो. मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर हाच मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचतो, टेकाडावर रेंजमध्ये गेल्यावर. तोवर लिंक बंद.

मी जव्हारची. २०२०-२१ला बारावीत होते. ऑनलाइन तास म्हणजे घरामागचा चढ, हातात छत्री आणि तुटत तुटत येणारा सरांचा आवाज. ‘ऐकू येतंय का सगळ्यांना?’ असं विचारलं की मी ‘हो सर’ टाइप करायचे. ‘नाही’ म्हटलं तर आपणच ढ ठरू, अशी भीती. पुढे बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, पण भीती काही गेली नाही. आजही एखादं पोर्टल अडकलं की आधी वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असणार.

हे आता आठवायचं कारण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५चा निकाल. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, मानसिक आरोग्याचं धोरण हवं, त्याचा दरवर्षी आढावा हवा आणि ते सगळ्यांना वाचता यायला हवं. निकाल महत्त्वाचाच आहे. पण समुपदेशकाकडे मूल पोहोचतं ते बऱ्याचदा ताण वाढल्यावर. तो ताण जिथे रोज थोडाथोडा साठतो, त्या अ‍ॅप, पोर्टल आणि ग्रुपचं काय?

डिजिटल शिक्षण आणि मनःस्वास्थ्य म्हटलं की चर्चा ‘स्क्रीन टाइम’वर येऊन थांबते. ती चिंता खोटी नाही. ‘असर २०२४’च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, सोशल मीडियासाठी वापरणारे होते सुमारे ७६ टक्के. पण आमच्याकडे स्क्रीन जास्त झाल्यापेक्षा ती नेमकी हवी तेव्हा बंद पडण्याचा ताण मोठा आहे. घरात एकच फोन, तोही बाबा कामावर नेणार. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. फोन आणि पोरं दोन्ही तिकडे. पोर्टलला यातलं काही कळत नाही. त्याच्याकडे दोनच रकाने, ‘सबमिटेड’ आणि ‘नॉट सबमिटेड’.

याच भागात एक वेगळा प्रयोग झाला होता. २०२०मध्ये शाळा बंद असताना दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ सुरू केली. मोखाडा तालुक्यातल्या दांडवळसारख्या गावांत लाऊडस्पीकरवरून ध्वनिमुद्रित धडे ऐकवले जायचे. सहा गावं, जवळपास हजार मुलं. अभ्यासक्रमाचा काही भाग, इंग्रजी आणि चारचौघांत वागण्याबोलण्याचे धडेही. मुलं अंतर ठेवून, पण एकत्र बसायची. फोन नाही, डेटा नाही, लॉगिन नाही.

शिकण्याची जागा म्हणून त्याकडे बघा. कोणाचा कॅमेरा बंद आहे म्हणून बोलणी नाहीत, कोण मागे पडलं याची यादी ग्रुपवर नाही. आणि मुख्य म्हणजे, मूल एकटं नाही. अर्थात, स्पीकरला शंका विचारता येत नाही. घरात वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या लहान मुलाला पुस्तकी मराठी समजली की नाही, हेही त्याला कळत नाही. त्यामुळे भोंग्याकडे परत जाऊ, असं मी म्हणत नाही. पण त्याची रचना मुलांकडे काय आहे इथून सुरू झाली होती. आपली पोर्टलं मुलांकडे काय असायला हवं, हे गृहीत धरून बनतात.

फरक पाडायला मोठं बजेट लागत नाही. लेक्चरचा व्हिडिओ जड असेल तर सोबत फक्त आवाजाची हलकी फाइल द्या; कॉलेजच्या वायफायवर उतरवून ती भट्टीवरही ऐकता येईल. मुदतीनंतर दोन दिवस ‘उशिरा’ असा तिसरा रकाना ठेवा. रात्री आठनंतर सूचना नकोत. एका खोलीच्या घरात कॅमेऱ्याची सक्ती नको. आणि प्रत्येक पोर्टलवर फोन उचलेल अशा एका माणसाचा नंबर हवा. ‘एरर’ आला की बोलायला कोणीतरी असणं, हाही मनाला आधारच असतो.

तुमच्या कॉलेजचं मानसिक आरोग्य धोरण कुठे लावलंय, हे या आठवड्यात विचारा. त्यात ऑनलाइन कामाबद्दल एक तरी ओळ आहे का, बघा. नसेल तर विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत अर्ज द्या. फारच जड वाटत असेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी सरांनी ‘ऐकू येतंय का?’ विचारलं, तर खरं सांगा. नसेल येत, तर ‘नाही’ टाइप करा. त्यात तुमची चूक नाही.